बरण्या उघडू नकोस

बकआय फोर्क, केंटकी
९ डिसेंबर १९५०

डेल्फी,

हे पत्र पोस्टाने धाडलं असतं तर तू ते मागच्या दोन पत्रांसारखं न फोडताच परत पाठवलं असतंस. पाकिटावर तुझं ते टपोरं अक्षर, 'परत पाठवा'. टॅकेटबाईंनी त्यांच्या दुकानातल्या पोस्टाच्या खिडकीतून पाकीट माझ्या हातात असं दिलं, जणू मेलेला उंदीर शेपटीला धरून देताहेत. वर तोंड भरून विचारलं, "धाकटीचं काय म्हणणं?" म्हटलं, "मजेत आहे, तुमची चौकशी करते." म्हणून या वेळी मी पत्र खोक्यातच घातलंय, बरण्यांच्या मधे, पेंढ्याखाली. सापडलं की तू वाचशीलच. न वाचता राहणं तुझ्याच्याने व्हायचं नाही. फक्त मला ते कळता कामा नये, एवढंच तुझं.

खोकं होबर्ट आणून देईल. आपल्या खालच्या अंगाच्या कॉटरेलांचा होबर्ट, तुमच्याच डेटनला एका कारखान्यात लागलाय तो. बरण्या फुटल्या तर त्याचा कान पिळ, माझ्या वतीने.

घेवड्याच्या सहा आहेत आणि वाळल्या वाटाण्याच्या दोन. वाळलेला घेवडा पोत्यात दोन वर्षं टिकतो, तो बरणीत कशाला भरायचा, असं तू म्हणशील. तुझी शहरातली अक्कल. अगं, आर्विल खाणीतून वर येतो तेव्हा त्याच्या पोटात वणवा पेटलेला असतो. तेव्हा काय मी घेवडा भिजत घालू आणि चुलीपुढे तीन तास बसू? बरणी उघडली की जेवण तयार. डब्यातसुद्धा तो बरणीच घेऊन जातो आणि खाली अंधारात गारच खातो. तुझ्यासारखा. आठवतं ना, तू कपाटामागे बसून चमच्याने गार घेवडा चाटूनपुसून खायचीस आणि आई लाटणं घेऊन शोधायची.

आणि हो, आईचं बरण्या वाफेवर उकळायचं प्रेशरचं भांडं. तो विषय मी काढणार नव्हते, पण काढते. आईला पुरून आलो त्या दिवशी, लोकांनी आणलेलं जेवण टेबलावरून अजून उचललंही नव्हतं, आणि तू ते भांडं शालीत गुंडाळून बसमध्ये चढलीस. म्हणे, "घर व्हर्लीला, मग भांडं मला." घ्या! तुझ्या त्या दोन खोल्यांत काय करतेस गं त्याचं? मोजे उकळतेस?

तर तुझ्या माहितीसाठी सांगते, मी नवीन घेतलंय. आईच्याहून मोठं. काट्याची तबकडी अशी लखलखीत की तिच्यात तोंड बघून वेणी घालावी. सगळं रीतसर केलं. घेवडा रात्रभर भिजवला, अर्धा तास उकळला, गरम गरम भरला, वर बोटभर जागा सोडली, झाकण बसवायच्या आधी बरणीचा काठ पुसला. वाफ आधी दहा मिनिटं मोकळी सोडली. काटा दहावर आल्यावरच घड्याळ लावलं आणि दीड तास तिथून हलले नाही. आईने उभं राहून बघितलं असतं तरी नाव ठेवायला जागा नव्हती.

तुझी जूनी आता सहा वर्षांची झाली असेल. मी पाहिली ती दुपट्यात. तिला म्हणावं, मावशीने पाठवलंय. चांगलं भरपूर खा दोघी. नाताळाला म्हणून जपून ठेवू नका. तुझा नवरा, क्लेल, गेल्यापासून तू शिवणाच्या कारखान्यात किती राबतेस ते होबर्ट सांगत होता. मला वाईट वाटलं, हेही लिहून टाकते, नाहीतर परत लिहायची नाही.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. बरण्या तेवढ्या परत पाठव.

व्हर्ली


२१ जानेवारी १९५१

डेल्फी,

हे पाकिटातून पाठवतेय आणि तू फोडणार नाहीस हेही मला ठाऊक आहे. तरी बसलेय लिहायला. हाताला काहीतरी काम पाहिजे.

इथे नुसता बर्फ नाही गं, वरून काच ओतल्यासारखं झालंय. झाडांच्या फांद्या काडकाड मोडताहेत. टेलिफोनचे खांब खाली दरीत आडवे पडलेत. टॅकेटबाईंच्या दुकानातला फोन मुका झालाय, त्यामुळे बाईही अर्ध्या मुक्या झाल्यात. टपाल तेवढं खेचरावरून डोंगरापलीकडे रेल्वेपर्यंत जातं, जमेल तसं.

आर्विलला बरं नाही. शुक्रवारी खाणीतून आला तो धडपडतच. म्हणाला, "बये, मला दोन दोन व्हर्ल्या दिसताहेत. एक होती तीच मला पुरून उरली होती." मी म्हटलं, कुठे ढोसून आलास? तर नाही, वास नाही, काही नाही. मग घसा कोरडा पडला. पाणी प्यायला घेतलं तर नाकातून बाहेर आलं. काल सकाळी बघते तर पापण्या अर्ध्यावर आलेल्या, उचलताच येईनात. जीभ जड, बोलणं तोंडात दगड धरल्यासारखं. ताप मात्र नाही. अंग गार.

नर्सबाई येऊन गेल्या, मिस हॅलोवेल, त्यांच्या त्या पांढऱ्या घोडीवरून. एवढ्या बर्फात आल्या, देव त्यांचं भलं करो. डोळ्यांत बत्ती धरून बघितलं, हातपाय दाबून बघितले आणि मला विचारलं, "परवा, तेरवा यांनी काय खाल्लं?" मी म्हटलं, जे आम्ही सगळेच खातो ते. मक्याचा पाव, कांदा, घेवडा. मीही तेच खाल्लं, मला काही झालं नाही. त्यांनी परत विचारलं, "घेवडा घरी भरलेला?" मी म्हटलं, हो, इथे काय दुकानातून आणतात होय? उद्या परत येते म्हणाल्या.

तुला उगीच लिहितेय हे. एक विचारायचं होतं. त्या बरण्या तू उघडल्यास का? नसशील उघडल्या तर राहू देत तशाच. या वर्षी झाकणं जरा खराब निघाली आहेत, रबर नीट धरत नाही असं बायका म्हणताहेत. माझ्याच फळीवरच्या एका बरणीचं झाकण परवा फुगलं होतं, म्हणून मी ती कोंबड्यांपुढे ओतली. तेव्हा राहू दे. घाबरण्यासारखं काही नाही.

कोंबड्याही आजारी दिसताहेत. थंडीने असेल.

व्हर्ली


२२ जानेवारी

डेल्फी, डेल्फी, झाकणांचं खोटं आहे. झाकणं चांगली होती.

नवीन भांडं घेतलेलं नाही. कधीच नव्हतं. मी घेवडा अंगणात कपड्यांच्या टबात उकळवला. आजी टोमॅटो उकळवायची तसा, बरण्यांच्या मधे चिंध्या घालून, वर पाणी, खाली जाळ. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आर्विलने लाकडं फोडून दिली. त्याने विचारलंसुद्धा, "याला ते प्रेशरवालं लागतं ना?" मी म्हटलं, आजीने जन्मभर असंच केलं, कोण मेलं? तो म्हणाला, "तुझ्यापुढे कोण बोलणार." आणि जाळ वाढवला.

मला माहीत नव्हतं असं नाही. आईने आपल्या दोघींना किती वेळा सांगितलं होतं. टोमॅटो आंबट, त्याला उकळी चालते. घेवडा-वाटाण्याला चालत नाही, दिवसभर उकळा नाहीतर आठवडाभर उकळा, आतलं मरत नाही, त्याला वाफेचा दाबच लागतो. मला सगळं पाठ होतं. पण मग तुझ्याकडे भांडं मागावं लागलं असतं. किंवा नवीन घेतलं असतं तर गावभर झालं असतं, की व्हर्लीकडे आईचं भांडं नाही, धाकटीने नेलं. हे मला नको होतं. बस, एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर मी सांगितलं असतं.

आज सकाळी कोंबड्या बघायला गेले. सगळ्या जिवंत, पण माना जमिनीवर लोळताहेत. उचलली की चिंधीसारखी मान खाली. डोळे उघडे. आई अशी कोंबडी दिसली की काय करायची आठवतंय? अख्ख्या घरातल्या बरण्या बाहेर काढायची. मी तिथेच चिखलात बसले.

मग नर्सबाई आल्या. घोडीवरून उतरायच्या आधीच म्हणाल्या, "मिसेस स्टिडम, घेवडा कुठल्या भांड्यात भरला?" आणि डेल्फी, तोंडातून काय निघालं माझ्या? "प्रेशरच्या भांड्यात." नवरा आत मरतोय आणि मी हे बोलले. त्या म्हणाल्या, "मला दाखवा." मी घरात गेले. ओट्याखाली बघितलं, फळीवर बघितलं, जणू खरंच कुठेतरी सापडणार आहे. त्या दारात उभ्या होत्या. शेवटी मी म्हटलं, ते डेटनला आहे.

लागेल असा एक शब्द त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, हे घेवड्यातलं विष आहे. चव नाही, वास असतोच असं नाही. मी वाचले कारण मी माझा वाटा चुलीवर खदखदून तापवून खाल्ला; उकळीने विषाचं बी मरत नाही, पण झालेलं विष नासतं. त्याने गार खाल्ला. यावर विष उतरवणारं एक औषध टोचतात, ते लेक्सिंग्टनहून आणावं लागेल. मी विचारलं, मिळालं तर? म्हणाल्या, "जेवढी लवकर तेवढं बरं." आणि मग म्हणाल्या, "कालच सांगितलं असतंत तर मी कालच निघाले असते." रागाने नाही बोलल्या. नुसतंच बोलल्या.

तेव्हा मी त्यांना तुझ्या खोक्याचं सांगितलं. तुझा पत्ता तोंडी सांगितला, दोनदा वदवून घेतला. रेल्वेपाशी तारेची लाईन चालू असेल तर तुला तार करतील. असेल तर. नसेल तर?

बरण्या उघडू नकोस. झाकणही सैल करू नकोस. चाखून बघू नकोस, बोट लावून चाटू नकोस, तुझी ती घाण सवय मला माहीत आहे. कुत्र्या-मांजरांना घालू नकोस. खोल खड्डा करून बरण्यांसकट पूर. परत पाठव म्हटलं होतं ना मी, चुलीत गेल्या बरण्या. आणि खाल्ल्या असतील तर, एकीने जरी चमचाभर खाल्लं असेल, आणि कोणाला दोन दोन दिसत असेल, गिळता येत नसेल, तर अशीच उठ आणि दवाखान्यात जा, जूनीला कडेवर घे आणि जा, आणि पोचल्याबरोबर सांग की माझ्या बहिणीने घेवडा टबात उकळून भरला. माझं नाव सांग. लाजू नकोस. ते लोक आधी म्हणतील अर्धांग, म्हणतील पोलिओ. ऐकू नकोस. घेवडा म्हण. ओरडून सांग.

देवा, तू खाल्ला असशील. गारच खाल्ला असशील. मीच लिहिलं, भरपूर खा, जपून ठेवू नका.

आणि हे पाकीट तू फोडणार नाहीस. इतकं लिहिलं आणि आता सुचलं, तू फोडणारच नाहीस! आता मी काय करू? पाकिटावरच लिहिते. मागच्या बाजूला, पुढच्या बाजूला, सगळीकडे.


(पोस्टकार्ड)
२२ जानेवारी

हे कार्ड ज्याच्या हातात पडेल त्याने कृपा करून मोठ्याने वाचावं आणि पत्त्यावरच्या घराचं दार ठोठावावं. आत डेल्फिया राहते आणि तिची लहान मुलगी. तिच्या घरात माझ्या घेवड्याच्या आणि वाटाण्याच्या बरण्या आहेत. त्यात विष आहे. मी त्या प्रेशरमध्ये न भरता टबात उकळल्या आणि खोटं बोलले. माझा नवरा त्यानेच पडला आहे. ती माझी पत्रं उघडत नाही, म्हणून उघडं कार्ड लिहिते आहे. दार उघडेपर्यंत ठोठावा. मी हात जोडते.

व्हर्ली स्टिडम, बकआय फोर्क


२९ जानेवारी

डेल्फी,

तशी कार्डं मी टॅकेटबाईंकडे होती नव्हती तेवढी सगळी लिहिली. तुझ्या नावाने, तुझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या नावाने, तुमच्या चर्चच्या पाद्र्याच्या नावाने, होबर्टच्या कारखान्याच्या नावाने. दुकानात, काउंटरवर उभी राहून. टॅकेटबाईंनी पहिलं कार्ड वाचलं. मला वाटलं, आता ही गावभर फिरणार. त्या आत गेल्या, त्यांचं पेन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सरक तिकडे. तू सांग, मी लिहिते." त्यांनी त्यांच्या फळीवरच्या माझ्या हातच्या दोन बरण्याही, मी न सांगता, बाहेर नेऊन पुरल्या. मला कोणी दोष देत नाही. माझ्याकडे बघून सगळे टोप्या काढतात. ते मला सहन होत नाही.

आर्विल गुरुवारी गेला.

औषध आलं होतं. मिस हॅलोवेल ते काखेत धरून, घोंगडीत गुंडाळून आल्या, गोठू नये म्हणून. टोचलंसुद्धा. पण तोवर छातीच उचलेना. त्याला सगळं कळत होतं डेल्फी, हेच सगळ्यात वाईट. डोकं लख्ख होतं. बाकी काहीच हलत नव्हतं. मी बोटाने त्याची पापणी वर केली की बुबुळ माझ्याकडे वळायचं. मी त्याला म्हटलं, आर्विल, हे मी केलं. हे भांड्यापायी झालं. तो बघत होता. मग मी पापणी सोडली, कारण मला ते बघवेना. सोडायला नको होती. नंतर परत उचलली तेव्हा तो बघत नव्हता.

जमीन एवढी गोठलेली की खाणीतल्या पोरांनी सुरुंगाची पहार आणून खड्डा खणला. लोकांनी जेवण आणलं. केवढं आणलं. आणि प्रत्येक बाई ताट ठेवताना हळूच कानात सांगून गेली, "ताजं आहे हं व्हर्ली. आत्ताच चुलीवरून उतरवलंय." कोणीच बरणी आणली नाही.

तुझी तार नाही, पत्र नाही. बर्फ तसाच आहे. आईचं भांडं तुझ्या ओट्यावर आहे आणि तू खाली जमिनीवर पडली आहेस, असं मला जेव्हा बघावं तेव्हा दिसतं. जूनीचं तोंड मला आठवत नाही, म्हणून तिच्या जागी मला तूच दिसतेस, सहा वर्षांची, कपाटामागे, हातात चमचा. मी बर्फातून चालत निघाले होते. खालच्या वळणावर होबर्टच्या बापाने धरून परत आणलं. म्हणाला, "पोरी, तू दरीत पडलीस तर तिला सांगायला कोण उरेल?"

तू जिवंत आहेस की नाही एवढंच कळव. शिवी दे. कोरं कार्ड पाठव, त्यावर काही लिहू नकोस, नुसतं पत्त्यातलं तुझं अक्षर दिसू दे मला. मी आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही. भांडं मागितलं नाही म्हणून तर हे झालं. आता मागते.

व्हर्ली


५ फेब्रुवारी

डेल्फी,

काल खेचर आलं. टॅकेटबाई पत्र घेऊन स्वतः वर चढून आल्या, बुटांना पोत्याचे तुकडे बांधून. दारातूनच ओरडल्या, "अक्षर तिचंच आहे!" मी चुलीपाशी होते, तिथेच खाली बसले. त्यांनी मला पाणी दिलं आणि मग आम्ही दोघी रडलो, आणि मी त्यांना घट्ट मिठी मारली. मी, टॅकेटबाईंना. तू हसली असतीस.

तू जिवंत आहेस. जूनी जिवंत आहे. जूनीचा पुढचा दात पडलाय. मी हे मोठ्याने वाचलं, परत परत वाचलं. देवाचे आभार मानले. ते आधी लिहिते, कारण ते खरं आहे आणि पुढचंही खरं आहे.

तू लिहिलंस की तार पोचली, कार्डंही पोचली, वरच्या मजल्यावरच्या बाईने तर मध्यरात्री येऊन दार बडवलं. आणि लिहिलंस की घाबरण्यासारखं काही नव्हतंच, कारण बरण्या तू नाताळाच्या आधीच पुरल्या होत्यास. खोकं उघडलं त्याच दिवशी. बरणी उजेडात धरली आणि तुला कळलं. पाणी गळ्यापर्यंत जसंच्या तसं होतं. प्रेशरमधून निघालेल्या बरणीत पाणी खाली उतरतं, वरचे दाणे उघडे पडतात, रंग काळपट होतो. आईने आपल्याला ते दाखवलं होतं. तू लिहितेस, "मला लगेच कळलं की तू टबात उकळलंयस आणि नव्या भांड्याची थाप मारतेयस."

इथपर्यंत मी टॅकेटबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हुशार गं बाई तुझी बहीण, वाचल्या दोघी." मग त्यांचं लक्ष खुंटीवरच्या आर्विलच्या डब्याकडे गेलं. त्या शाल घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "मी निघते."

तुला नाताळाच्या आधी कळलं होतं.

त्याच जाळावरच्या, त्याच टबातल्या बरण्या माझ्या फळीवर होत्या हे तुला माहीत होतं. आर्विल डब्यात गार नेतो हे मीच तुला लिहिलं होतं. खोक्यातलं पत्र तू वाचलंस, तसं तूच लिहितेस. आणि तू परसात खड्डा खणलास, माझा घेवडा त्यात पुरलास, हात धुतलेस, आणि मला एक ओळ लिहिली नाहीस.

तू लिहितेस, "मला वाटलं तुझं तुलाही माहीत असणार. मला वाटलं, मी लिहिलं तर तू म्हणशील, आली मोठी शिकवणारी. मला वाटलं, एकदा तरी तू आधी कबूल कर." पुढे अक्षर फिसकटलंय. तू रडत होतीस हे मला कळलं. रड. मी काय तुला रडू नको म्हणू?

काल दिवसभर मी तुला शिव्या दिल्या. घरात एकटी, भिंतींना. आईने शिकवलेल्या सगळ्या आणि आर्विलकडून ऐकलेल्याही. म्हटलं, हिचं तोंड बघणार नाही. मग म्हटलं, हिला इथे बोलावीन, खाली थडग्यापाशी उभी करीन आणि म्हणेन, सांग त्याला, तुला काय वाटलं होतं ते. आज सकाळी ते सगळं ओसरलं. राग गेला नाही, जोर गेला. म्हणून लिहायला बसलेय.

मी बसून विचार केला, की तुझं कार्ड आलं असतं डिसेंबरात. 'व्हर्ली, तो घेवडा खाऊ नका, पूर.' टॅकेटबाईंनी ते मला दात विचकत दिलं असतं. मी इथे, या टेबलाशी बसून वाचलं असतं. आर्विलने विचारलं असतं, "काय म्हणते?" आणि मी म्हटलं असतं, काही नाही, जळते मेली माझ्यावर. कार्ड चुलीत टाकलं असतं आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम, अगदी मुद्दाम, त्याच्या डब्यात तीच बरणी घातली असती. मी स्वतःला ओळखते. तुझं मी ऐकलं नसतं. नाहीच ऐकलं असतं.

पण आर्विल कार्ड वाचायचा. चुलीत टाकलेलंसुद्धा काठीने बाहेर काढून वाचायचा, तुझी बातमी काय म्हणून. तुझ्याकडून परत आलेली माझी पाकिटं बघून त्यालाच जास्त लागायचं.

लिहायला हवं होतंस, डेल्फी.

व्हर्ली